वरचे पुढचे दोन

आमच्या ड्रमोरमध्ये कोणी कोणाला "कशी आहेस?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "वाईट नाही." नवऱ्याला पुरून आलेली बाई हेच म्हणते आणि लॉटरी लागलेला माणूसही हेच म्हणतो. याच्यापुढे एक शब्द जास्त बोललं की समोरचा आपल्या बुटांकडे बघायला लागतो. मी या गावात अठ्ठावन्न वर्षं काढली, त्यामुळे मलाही दुसरं काही बोलायची सवय नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी जो मूर्खपणा केला त्यासाठी तुम्ही मला फार शिव्या घालणार नाही. घातल्यात तरी हरकत नाही, माझ्या मी घालून झाल्यात.

माझं नाव ग्लेनिस टलक. गावाबाहेर मांसाचा कारखाना आहे, तिथे मी तेवीस वर्षं पॅकिंगला होते. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांनी आमची शिफ्टच बंद केली आणि मी बेकारभत्त्यावर आले. माझा नवरा रॉन त्याच्याही दोन वर्षं आधी गेला होता. मूलबाळ नाही. म्हणजे घरात मी, एक हीटर आणि माझी कॉर्नेट. कॉर्नेट ही ट्रम्पेटची बुटकी बहीण समजा. गावच्या बँडमध्ये मी ती बारा वर्षांची असल्यापासून वाजवते. तेव्हा बँडमध्ये मुलींना घेत नसत, पण त्या वर्षी वाजवणारेच कमी पडले, आणि नाक मुरडत का होईना, त्यांनी मला घेतलं.

कारखाना होता तोवर मला कळलं नव्हतं की मला माणसं लागतात. उलट मी त्यांना कंटाळलेली असायचे. डब्याच्या सुट्टीत डोरीनची बडबड ऐकून माझं डोकं उठायचं. मग एक दिवस बडबड थांबली, आणि सप्टेंबरात कधीतरी लक्षात आलं की आज शुक्रवार आणि मंगळवारनंतर आपण तोंडातून आवाज काढलेला नाही. मंगळवारी बँडची तालीम असते. आठवड्यातून दोन तास मी अकरा माणसांमध्ये बसायचे, आमचा बँडमास्तर अँगस हीनन मला "ग्लेन, झोपलीस का?" म्हणून ओरडायचा, आणि तेवढ्यावर मी पुढचा आठवडा ढकलायचे. मला फार एकटं वाटायचं. हे वाक्य मी आज लिहितेय. तेव्हा कोणी विचारलं असतं तर काय म्हणाले असते ते तुम्हाला माहीतच आहे.

नोव्हेंबरात दात दुखायला लागला.

वरच्या पुढच्या दोन दातांतला डावा. लहानपणी मी गोठ्याच्या फाटकावर आपटले होते, तेव्हापासून तो जरा करडाच होता. कॉर्नेटची पितळी वाटी ओठावर टेकते ती नेमकी त्याच्यावर. पहिले काही दिवस मी लवंगेच्या तेलाचा बोळा लावला आणि गप्प बसले. आमच्या घरात दातदुखीचं कौतुक कधीच नव्हतं. माझ्या आईचे तर सगळे दात लग्नाआधी काढून घेतले होते. खर्च तिच्या बापाने केला, लग्नाची भेट म्हणून. तेव्हा आमच्या भागात अशी पद्धतच होती: पुढे नवऱ्याला खर्च नको, म्हणून नवरीला आधीच कवळी. लग्नाच्या फोटोत आई एकोणीस वर्षांची आहे आणि अख्खी कवळी दाखवत हसतेय. असल्या बाईच्या पोटी जन्मल्यावर एका दातासाठी गळा काढायची लाज वाटणारच.

पण पंधरा दिवसांनी सहन होईना, तशी गाडी काढून इन्व्हरकार्गिलला, शहरातल्या दातांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर पेनमन म्हणून तरुण माणूस होता. त्याने एक्स-रे काढला, आरशाने ठोकून बघितलं, आणि मी खुर्चीतून वीतभर वर उडाले.

"हा आतून मेलाय," तो म्हणाला. "पण मूळ घट्ट आहे. रूट कॅनॉल केलं तर दात राहील. नाही केलं तर पू शेजारच्याही मुळाशी जाईल, आणि मग दोन्ही काढावे लागतील."

"किती दिवस हातात आहेत?"

"नाताळच्या आत या."

"मी कॉर्नेट वाजवते," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. त्याने विचारलं नव्हतं.

तो थांबला. मास्क खाली केला. "मग नाताळची वाटच बघू नका. वरचे पुढचे दोन गेले तर ओठाला मागून टेकू काय राहणार? वाजवणं संपलंच समजा."

त्याने कागदावर खर्च लिहून दिला. नऊशे साठ डॉलर. मी कागदाकडे बघत राहिले, कारण माझ्या खात्यात तेव्हा त्याचा दहावा हिस्साही नव्हता.

"भत्त्यावर आहात ना? मग हा कागद त्यांच्या ऑफिसात न्या. दाताच्या तातडीच्या कामाला वर्षाला हजारापर्यंत मदत मिळते, परतही करावी लागत नाही. माझे निम्मे पेशंट असेच येतात." मी दारापर्यंत पोचल्यावर तो मागून म्हणाला, "आणि बाई, किती दुखतंय ते त्यांना नीट सांगा हं."

मी म्हणाले, "सांगते की."

भत्त्याचं ऑफिस म्हणजे एक मोठी खोली. मध्ये टेबलं, आणि टेबलांच्या पाठीला टेकूनच वाट बघणाऱ्यांच्या खुर्च्या. टेबलावर बोललेलं सगळं खुर्च्यांपर्यंत पोचतं. त्या दिवशी खुर्च्यांवर आमच्या कारखान्यातले तिघे होते, आणि त्यांतला एक डोरीनचा नवरा. मला बघून त्याने भुवई उचलली, मी हनुवटी हलवली. झाली आमची भेट.

माझ्या टेबलावरची मुलगी तामारा नावाची होती. पंचविशीची असेल. चांगली होती बिचारी, हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर मी तिला मनातल्या मनात बरंच काही बोलले आणि त्यातलं एकही तिला लागू नव्हतं. तिने माझ्यासाठी पाणी आणलं. डॉक्टरचा कागद वाचला. मग कॉम्प्युटरकडे वळली.

"मला काही प्रश्न विचारावे लागतील, ग्लेनिस. दुखतं का?"

"येतं, जातं."

"खाता येतं?"

"येतं की."

"झोप लागते?"

"लागते. वयाच्या मानाने ठीक."

"एक ते दहामध्ये सांगायचं तर दुखणं किती?"

मागे डोरीनचा नवरा खोकला. मी म्हणाले, "दोन." मग डॉक्टरचं बोलणं आठवलं, म्हणून घासाघीस केल्यासारखं वर म्हणाले, "थंडी असली तर तीन."

तामाराची बोटं थांबली. तिने माझ्याकडे नीट बघितलं. "नक्की? कारण काम तातडीचं आहे हे मला इथे दाखवावं लागतं. डॉक्टरांनी तर लवकर करा लिहिलंय. तुम्हाला काय वाटतं, थांबता येईल?"

तिने दार उघडून धरलं होतं हो. माझ्यासारख्या गाढवीला अजून काय हवं होतं? आत शिरायचं फक्त. आणि मी काय बोलले ते ऐका. मी म्हणाले, "थोडं थांबू शकते मी. माझ्याहून जास्त अडलेले लोक असतील."

तिने ते शब्दशः टाइप केलं.

खरं काय होतं ते आता सांगते. चार रात्री मी आरामखुर्चीत बसून काढल्या होत्या, कारण आडवं झालं की ठणका डोळ्यापर्यंत चढायचा. गालाला गोठवलेल्या मटारची पिशवी. दोन आठवडे पोटात ओट्सची पेज आणि कुस्करलेला सलगम. दहापैकी नऊ म्हणायला हवं होतं. तिथे पाच मिनिटं दातांच्या कण्या केल्या असत्या तर दात राहिला असता. पण मागे तीन माणसं ऐकत होती, आणि आमच्या गावात दुखतंय म्हणून सांगणं म्हणजे कपडे काढून उभं राहण्यासारखं आहे.

दहा दिवसांनी पत्र आलं. तुम्ही स्वतः दिलेल्या माहितीवरून उपचार तातडीचा दिसत नाही, सबब मदत मंजूर करता येत नाही. खाली लिहिलं होतं, फेरविचारासाठी अर्ज करू शकता, परिस्थिती बदलल्यास कळवा. मी पत्राची नीट घडी घातली आणि खणात टाकलं. मला रागही आला नाही. उलट परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं, म्हणजे बघा. सरकारलाही पटलं होतं की माझं वाईट नाही.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आमचा बँड हॉलच्या स्वयंपाकघरात चीज रोल करायला जमला. आमच्या भागात कशालाही पैसे कमी पडले की चीज रोल करतात. शाळेचं छप्पर, फायर ब्रिगेडचा पाइप, कोणाचं ऑपरेशन, सगळं चीज रोलवर उभं राहतं. ब्रेडच्या स्लाइसवर चीज, दूध आणि कांद्याच्या सूपची पावडर शिजवून केलेलं सारण पसरायचं, गुंडाळायचं, वरून लोणी लावायचं आणि डझनाच्या पिशव्या करून गावभर विकायच्या. या वेळी बँडला नवा मोठा ड्रम घ्यायचा होता. साठ डझन करायचे होते. मी लोणी लावायला उभी होते.

"ग्लेन, एक भाजलाय, खाऊन बघ," अँगस म्हणाला. अँगस बहात्तर वर्षांचा आहे, आयुष्यभर मेंढ्यांची लोकर कातरायच्या टोळ्या चालवल्या, त्यामुळे सगळ्यांशी मेंढ्यांशी बोलल्यासारखं बोलतो.

"नको. वजन कमी करतेय."

"तू? गेल्या वर्षी तुझ्याकडे विकायला डझन दिले, ते गिऱ्हाइकाकडे आठच पोचले."

"चार रस्त्यात शहीद झाले."

सगळे हसले. मीही हसले, ओठ मिटून. गरम ब्रेडचा वास येत होता आणि मला इतकी भूक लागली होती की रडू येईल असं वाटलं. भाजलेल्या ब्रेडची कड त्या दाताला लागली असती तर मी तिथेच खाली बसले असते.

नंतर भांडी घासताना अँगस माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. फडका घेऊन एकच पातेलं बराच वेळ पुसत राहिला.

"तोंडाला काय झालंय? सारखा हात नेतेस."

"काही नाही. एक दात कुरकुरतोय."

"मंगळवारी वरचे सूर सोडलेस. मी बोललो नाही." पातेलं उलटं केलं, परत पुसलं. "पैशाचं काही असेल तर... म्हणजे ड्रम काय, पुढच्या वर्षीही घेता येईल. चीज रोल कशासाठीही गुंडाळता येतात."

अँगसला एवढं बोलायला काय लागलं असेल याची मला कल्पना आहे. त्याचे कान लाल झाले होते. आणि मी म्हणाले, "छे, छे. ड्रमचं बघा तुम्ही. वाईट नाही माझं."

त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं स्पष्ट दिसलं. "बरं तर," म्हणाला आणि पातेलं फळीवर ठेवून दिलं. मी उरलेली ताटं विसळली.

नाताळ मी एकटीने घालवला. रॉन गेल्यापासून घालवतेच. डॉक्टरांनी सांगितलेली तारीख गेली हे मला माहीत होतं, पण दोन-तीन दिवस ठणका कमी झाला होता आणि मला वाटलं, दात आपोआप बरा होतोय. तो पुरता मेला होता म्हणून दुखायचा थांबला होता. तीन जानेवारीला सकाळी आरशात बघितलं तर वरचा ओठ नाकाला टेकलेला आणि डावा डोळा निम्मा बंद. अंगात ताप. तशीच गाडी चालवत इन्व्हरकार्गिलला गेले, एका डोळ्याने.

पेनमनने तोंडात बघितलं. मग म्हणाला, "मी नाताळच्या आत या म्हणालो होतो."

"हो."

"आता दोन्ही काढावे लागणार."

"दुसरं काहीच नाही?"

"नाही हो. उशीर झाला."

त्याने स्वतःच माझ्यासमोर भत्त्याच्या ऑफिसला फोन लावला. पू, ताप, सूज, आजच्या आज, असं काहीतरी बोलला. मी काही बोलायचं नव्हतंच, बोलता येतही नव्हतं. दहा मिनिटांत मंजुरी आली. वाचवायला मिळाले नाहीत ते पैसे उपटायला मिळाले. मला त्या खुर्चीत भयंकर संताप आला. पण संतापायचं कोणावर? त्या मुलीने विचारलं होतं. अँगसनेही विचारलं होतं. दोघांनाही नाही म्हणणारी बाई खुर्चीत तोंड उघडून पडली होती.

कवळीचा तुकडा बसवता येतो म्हणे. पण हिरड्या भरायला तीन-चार महिने जावे लागतात, आणि वर्षाच्या मदतीतून जे उरलं त्यात तो बसत नव्हता. "पुढच्या जानेवारीत परत मागा," पेनमन म्हणाला. आणि मी विचारलं नव्हतं तरी म्हणाला, "बोलण्या-हसण्यासाठी ठीक होईल. वाजवण्याचं मी सांगू शकत नाही."

सूज उतरल्यावर मी कॉर्नेट काढली. खिडक्या बंद केल्या, ओठांना लावली आणि फुंकलं. हवा आली, आणि थुंकी. ओठ आत दुमडला आणि पितळ सरळ हिरडीवर टेकलं. परत फुंकलं. सायकलच्या टायरमधून जाते तशी हवा गेली. मी कॉर्नेट पुसली, पेटीत ठेवली आणि पलंगाखाली सरकवली. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ती मला दिसणार नाही अशा जागी ठेवली होती.

मग मी घरात बसले. अँगसला फोन करून सांगितलं, फ्लू झालाय. पुढच्या मंगळवारी सांगितलं, बहिणीकडे चाललेय. मला बहीण नाही हे त्याला माहीत आहे, पण तो म्हणाला, "बरं तर." दुकानात मी गळ्याला मफलर गुंडाळून जायचे, तोही भर उन्हाळ्यात, कारण जगाच्या आमच्या दक्षिण टोकाला जानेवारी-फेब्रुवारीतच उन्हाळा असतो, आणि जिथे माणूस नसतो त्या मशिनवर पैसे द्यायचे. फोनवर बोलताना श आणि स शिट्टीसारखे निघायचे म्हणून फोन घेणं सोडलं. फेब्रुवारी गेला. मार्च गेला. कधी कधी मी टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याला उत्तरं द्यायचे, फक्त आवाज जागेवर आहे का बघायला.

एप्रिलच्या सुरुवातीला अँगस दारात येऊन उभा राहिला. त्याला आत घेणं भागच होतं. मी तोंडावर हात ठेवून चहाचं विचारलं. तो म्हणाला, "हात काढ, ग्लेन."

मी काढला.

त्याने बघितलं. मग हीटरकडे बघितलं, मग बुटांकडे. "हं," म्हणाला. मग विचारलं, "पंचवीस तारखेचं काय करायचं?"

पंचवीस एप्रिलला आमच्याकडे सकाळी अख्खं गाव युद्धस्मारकापाशी जमतं. युद्धात मेलेल्यांची नावं वाचतात, आणि मग एक माणूस एकटा पुढे येऊन लास्ट पोस्ट वाजवतो, मेलेल्यांना निरोप द्यायचा बिगुल. ड्रमोरमध्ये एकतीस वर्षं ते मीच वाजवलं. बँडमध्ये दुसरं कोणी तो वरचा सूर धरू शकत नाही, हे अँगसलाही माहीत होतं.

"माझ्याकडे तुझं एक रेकॉर्डिंग आहे," तो म्हणाला. "पाच वर्षांपूर्वीचं. तिथेच, स्मारकापाशी केलेलं. स्पीकर झुडपामागे लपवतो. तू नेहमीसारखी गणवेश घालून उभी राहा, कॉर्नेट तोंडाला लाव. सगळे माना खाली घालून असतात. कोणाला कळतंय?"

त्याने खिशातून फोन काढून सुरुवातीचे दोन-तीन सूर ऐकवले. मी म्हणाले, "बास." मला पुढचं ऐकवेना.

मला नाही म्हणायचं होतं. लबाडी होती ती, आणि तीही मेलेल्यांसमोर. पण नाही म्हटलं असतं तर का ते सगळ्यांना सांगावं लागलं असतं, आणि बँडमधली माझी खुर्ची रिकामी झाली असती. एकदा रिकामी झालेली खुर्ची मी कारखान्यात बघितली होती. दुसऱ्या दिवशी तिच्यावर कोणीतरी कोट ठेवतं. मी म्हणाले, "चालेल."

"बरं तर," अँगस म्हणाला.

पंचवीस तारखेला सकाळी सात वाजता चांगलंच गार होतं. नीट उजाडलं नव्हतं, शेतांवर धुकं होतं. शंभरएक माणसं असतील. डोरीन आणि तिचा नवरा होता, शाळेच्या बाई होत्या, ब्याण्णव वर्षांची नेसी मॅकली चाकाच्या खुर्चीत, भावाची पदकं उजव्या छातीवर लावून. नावं वाचून झाली. मी चार पावलं पुढे गेले, पाय जुळवले आणि कॉर्नेट ओठांना लावली. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. अँगसने खिशात हात घातला.

झुडपामागून मी वाजायला लागले.

चांगली वाजवायचे हो मी. हे मला कधी कळलंच नव्हतं, कारण वाजवताना माणसाला आपलं ऐकू येत नाही, फक्त पुढचा सूर दिसतो. आवाज गोल होता, घाई नव्हती. मी ठरल्या जागी छाती भरून घेत होते आणि मिटलेल्या ओठांमागे माझी हिरडी दुखत होती. मला वाटलं, निभेल. अजून मिनिटभर असं उभं राहायचं, मग झालं.

लास्ट पोस्टमध्ये मध्ये एक जागा येते, सूर थांबतो आणि वाजवणारा श्वास घेतो. त्या रिकाम्या जागेत, माझ्या पाठीमागे, कोणीतरी खोकलं.

रॉन.

दोन तुकड्यांत यायचा त्याचा खोकला. पहिला दाबायचा प्रयत्न करायचा, आणि मग दुसरा जास्तच मोठा निघायचा. लोकरीच्या गोदामातली धूळ भरलेली छाती होती त्याची. पाच वर्षांपूर्वी, ते रेकॉर्डिंग झालं तेव्हा, तो माझ्या मागे, माझा कोट हातावर घेऊन उभा होता. त्या दिवशी घरी जाताना गाडीत मी त्याला फाडून खाल्लं होतं. वर्षातून एकदा मी एकटी वाजवते, अख्खं गाव श्वास रोखून उभं असतं, आणि तुला एवढा एक खोकला दाबता येत नाही? तो म्हणाला होता, "सॉरी, ग्लेन." मी संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलले नव्हते.

मी वळले. विचार करून नाही, आपोआपच वळले, आपल्या माणसाचा आवाज आला की वळतो तशी. मागे कोणी नव्हतं. झुडूप होतं, आणि त्याच्या पानांत काळा स्पीकर. कॉर्नेट माझ्या हातात खाली लोंबत होती, तोंड उघडं पडलं होतं, आणि लास्ट पोस्ट वाजतच राहिला. तो वरचा सूर आला, स्वच्छ, जराही न हलता, आणि मी तो झुडपाकडे बघत ऐकला.

माना वर झाल्या होत्या. मला दिसत होत्या. डोरीनने तोंडावर हात ठेवला होता. सूर संपला आणि लगेच मेलेल्यांसाठी मिनिटभर शांतता पाळायची होती, त्यामुळे कोणाला काही बोलावंच लागलं नाही. ते मिनिट मी शंभर माणसांसमोर काढलं. मी तोंड झाकलं नाही. हात वर जाईना.

शांतता संपली, चर्चच्या पाळकबाईंनी प्रार्थना म्हटली, आणि लोक चहासाठी हॉलकडे निघाले. माझ्या बाजूने जाताना सगळे जमिनीकडे बघत होते, वाईट मनाने नाही, मला अवघडायला नको म्हणून. अँगस माझ्याजवळ आला.

"ग्लेन, ठीक आहेस ना?"

"नाही," मी म्हणाले.

तो थांबला. मला वाटतं, त्याला ऐकण्यात चूक झाली असं वाटलं.

"नाही, अँगस. मला दुखत होतं. नोव्हेंबरपासून दुखत होतं, इतकं की बसून झोपायचे. ऑफिसात खोटं सांगितलं, तुलाही खोटं सांगितलं. आता वाजवता येत नाही. घरी कोणी नाही. मला रॉन हवाय." प्रत्येक शब्दाला शिट्टी येत होती, थुंकी उडत होती, आणि मी बोलतच होते. "मंगळवारशिवाय माझ्याकडे काही नाही, आणि आता मंगळवारही नाही."

अँगसने टोपी काढली. हातात फिरवली, परत घातली. बुटांकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले. तो काहीतरी बोलणार म्हणून मी थांबले, आणि मला दिसलं की याच्यापुढे काय बोलायचं असतं ते त्याला माहीत नाही. मलाही माहीत नव्हतं. आमच्या गावात इतक्या पुढे कधी कोणी आलेलंच नव्हतं.

हॉलचं दार आतून बंद झालं. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.